बागशिक्षणाचें स्वयंसेवी कार्य : कोल्हापूरच्या प्रयोग परिवाराचा उगम व विस्तार

शेतीच्या सुधारणेची चर्चा निघाली म्हणजे बी, खत, पाणी आणि भांडवल या चार गोष्टींचा विचार प्रथम होतो. पांचवी एक गोष्ट आहे. ती बहुधा सर्वांच्या शेवटीं आठवते, किंवा आठवतही नाहीं. ती म्हणजे शिकविणारा माणूस. वांग्याच्या झाडास शेंडेअळी लागली, पपईचीं पानें मुरडलीं, वेल फुलला पण फळ धरीना, अशा वेळीं शेतकऱ्यानें किंवा परसबाग करणाऱ्या गृहिणीनें विचारावें कोणास? सरकारी अधिकारी एक आणि त्याच्याकडे गांवें पुष्कळ. शास्त्रज्ञ विद्यापीठांत आणि शेत तेथून कोसोगणती दूर. मग उरतो तो औषधांचा दुकानदार. तो सल्ला फुकट देतो खरा. पण त्या सल्ल्याची किंमत औषधाच्या बाटलींत मिळविलेली असते.

आमच्या जिल्ह्यांत हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. महाराष्ट्रांत 1970-71 सालीं दर खात्यामागें सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती. 2015-16 च्या कृषिगणनेंत ती 1.34 हेक्टरवर आली. कोल्हापूर जिल्ह्याची सरासरी याहूनही कमी आहे. वाटणी होतां होतां आजोबाचें शेत नातवाच्या हातीं दहा-पंधरा गुंठ्यांचा तुकडा होऊन येतें. त्या तुकड्यावर उसाच्या दोन सऱ्या कमी-अधिक झाल्यानें कुटुंबाचा निभाव लागत नाहीं. तो तुकडा बागेसारखा कसला, प्रत्येक हाताच्या जमिनीचा हिशेब ठेवला, तरच कांहीं आशा. म्हणजे लहान शेतकऱ्याला शेतकी येऊन भागत नाहीं, त्याला बागाइतीची विद्या यावी लागते. ही विद्या त्याला शिकवावी कोणीं, असा हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचें एक उत्तर आपल्याच जिल्ह्यांत शोधलें गेलें, आणि तें येथून मुंबईपर्यंत व नर्मदेच्या कांठापर्यंत पोंचलें. त्याची हकीगत वाचकांस सादर करावी, आणि त्यांतून आपल्या संघानें काय घ्यावें याचा विचार करावा, हा या लेखाचा हेतु आहे.

सरकारी शिक्षणाची मर्यादा

शेतकी शिक्षणाविषयीं कोल्हापूर मागें होतें असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. राजर्षि शाहू महाराजांनीं राधानगरीच्या धरणाचें काम हातीं घेतलें आणि पन्हाळ्याच्या आसमंतांत चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही करविले. स्वातंत्र्यानंतर 1963 सालीं कोल्हापुरांत कृषि महाविद्यालय निघालें. राहुरीचें कृषि विद्यापीठ 1968 सालीं स्थापन झाल्यावर तें त्याच्याशीं जोडलें गेलें. 1974 सालापासून देशांत कृषि विज्ञान केंद्रें निघूं लागलीं. या सर्व संस्थांनीं मोलाचें काम केलें आहे.

परंतु या यंत्रणेचा ओघ वरून खालीं वाहणारा असतो. संशोधन केंद्रावर निष्कर्ष निघतो, तेथून तो शिफारस होऊन अधिकाऱ्याकडे येतो आणि अधिकारी तो शेतकऱ्यास सांगतो. गगनबावड्याच्या धो धो पावसांत आणि शिरोळच्या काळ्या रानांत एकच शिफारस कशी लागू पडावी? एकाच जिल्ह्यांत एका टोकाला पांच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस, तर दुसऱ्या टोकाला त्याचा दहावा हिस्सा. प्रत्येक रानाची माती, पाणी आणि हवा निराळी. शिफारस आपल्या रानाला लावून पाहणारा, आणि काय झालें तें परत कळविणारा मनुष्य गांवोगांव असल्याशिवाय ही सांखळी पुरी होत नाहीं. पगारी नोकर इतके नेमणें कोणत्याही सरकारला शक्य नाहीं. हें काम स्वयंसेवकांचेंच आहे.

परदेशांतील एक उदाहरण

अमेरिकेंतही हीच अडचण एके काळीं उभी राहिली. तेथें 1914 सालच्या कायद्यानें विद्यापीठांच्या मार्फत शेतकी प्रसाराचें काम सुरू झालें होतें. पुढें शहरें वाढलीं आणि बागा करणाऱ्या नागरिकांचे प्रश्न प्रसार अधिकाऱ्यांवर इतके कोसळूं लागले कीं, शेतकऱ्यांच्या कामाला त्यांस वेळ उरेना. वॉशिंग्टन राज्याच्या विद्यापीठांतील डेव्हिड गिबी आणि बिल शीअर या दोन अधिकाऱ्यांनीं 1972 सालीं एक युक्ति काढली. ज्यांना बागकामाची आवड आहे अशा नागरिकांस विद्यापीठानें शिक्षण द्यावें, आणि त्याच्या मोबदल्यांत त्यांनीं ठराविक तास लोकांच्या प्रश्नांचीं उत्तरें देण्यांत खर्चावे. टाकोमा शहराच्या एका बाजारपेठेंत सल्ल्याचें टेबल मांडून त्यांनीं याची चांचणी घेतली, आणि 1973 सालीं सिॲटल व टाकोमा भागांत पहिले वर्ग भरले. जर्मनींत कसलेल्या माळ्यास ‘गार्टनमाइस्टर’ अशी पदवी असते. तिचें भाषांतर करून या स्वयंसेवकांस ‘मास्टर गार्डनर’ हें नांव देण्यांत आलें. आज ही पद्धति त्या देशाच्या बहुतेक सर्व राज्यांत आणि कॅनडांतही चालू आहे.

या योजनेचें मर्म लक्षांत घेण्यासारखें आहे. शिक्षण फुकट नाहीं. त्याची फी वेळाच्या रूपानें वसूल होते. स्वयंसेवक आपल्या मनचें कांहीं सांगत नाहीं. विद्यापीठानें तपासलेली माहितीच तो सांगतो. आणि जें त्याला येत नाहीं तें विचारावयास त्याच्या पाठीशीं जाणता मनुष्य असतो.

गारगोटीचा उगम

आमच्याकडे हें काम याच्या अगदीं उलट्या बाजूनें सुरू झालें. भुदरगड तालुक्यांतील गारगोटी येथें 1947 सालीं श्री मौनी विद्यापीठ स्थापन झालें. आजरा तालुक्यांतील बहिरेवाडीचे सुपुत्र व थोर शिक्षणतज्ज्ञ डॉ. जे. पी. नाईक हे त्याचे संस्थापक. खेड्यांतील मुलाला शिक्षण खेड्यांतच, आणि खेड्याच्या जीवनाशीं जोडूनच मिळावें, ही त्यामागची दृष्टि होती. या विद्यापीठांत श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणित शिकवीत. शिक्षणतज्ज्ञ देवदत्त दाभोळकर हे त्यांचे वडील बंधु. अंधश्रद्धानिर्मूलनाच्या कार्यांत ज्यांचें बलिदान झालें ते डॉ. नरेंद्र दाभोळकर हे धाकटे.

गणिताच्या मास्तरानें शेतकी शिकवावी हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. पण गणित येत होतें म्हणूनच त्यांना शेतीकडे निराळ्या नजरेनें पाहतां आलें. शेतकरी एकरीं किती पोतीं खत घातलें तें सांगतो. दाभोळकर विचारीत कीं, पानांचा पसारा किती, त्यावर ऊन किती तास पडतें, आणि त्यापासून रोज किती घट्ट माल तयार होतो? झाडाचें वाळलेलें वजन पाहिलें तर त्याचा फार मोठा भाग हवेंतील कर्बवायु आणि पाणी यांपासून सूर्यप्रकाशाच्या बळावर बनलेला असतो. जमिनींतून आलेलीं खनिज द्रव्यें त्यामानानें थोडीं. म्हणून सूर्यप्रकाश हें शेतकऱ्याचें आद्य भांडवल, आणि पान हें तें भांडवल वसूल करणारें यंत्र. हें भांडवल गरिबाच्या अंगणांत आणि श्रीमंताच्या वाड्यांत सारखेंच पडतें. जमीन उघडी टाकणें म्हणजे रोजची मिळकत रस्त्यावर फेंकणें होय. असा हिशेब एकदां समजला म्हणजे शेतकरी दुसऱ्याच्या सांगण्यावर चालण्याऐवजीं आपल्या रानांत मोजूं लागतो; आणि मोजूं लागला कीं तो प्रयोग करणारा झाला.

अशा प्रयोग करणाऱ्यांचा जो मेळा दाभोळकरांच्या भोंवतीं जमला, त्याला ‘प्रयोग परिवार’ असें नांव पडलें. परिवार हा शब्द नीट निवडलेला आहे. संस्थेंत अध्यक्ष, चिटणीस व वर्गणी असते. परिवारांत नातें असतें. एकानें आपल्या रानांत कांहीं करून पाहावें, तें दुसऱ्यास कळवावें, दुसऱ्यानें तें आपल्या परिस्थितींत ताडून पाहावें व कोठें जमलें, कोठें फसलें तें परत सांगावें, अशी ही रीत. दाभोळकरांनीं यासाठीं पत्रव्यवहार, वर्तमानपत्रांतील लेखन आणि मळ्यांतील बैठका या तिन्ही साधनांचा उपयोग केला. यांत गुरु एक आणि शिष्य अनेक असा प्रकार नव्हता. ज्याला जें साधलें तो त्यापुरता गुरु, आणि जें साधलें नाहीं त्यापुरता विद्यार्थी. त्यांच्या विचारांचा सारांश मराठींत ‘विपुलाच सृष्टी’ आणि इंग्रजींत ‘प्लेंटी फॉर ऑल’ या ग्रंथांत आला आहे. 2001 सालीं ते निवर्तले.

तासगांवचे द्राक्षमळे

या रीतीची मोठी परीक्षा शेजारच्या सांगली जिल्ह्यांत, तासगांवच्या भागांत झाली. हा मुलूख कमी पावसाचा. विहिरी खोल आणि पाणी बेताचें. तेथें बिनबियांच्या द्राक्षाची, म्हणजे थॉमसन सीडलेसची, लागवड पसरूं लागली. द्राक्ष हें पीक विलक्षण नाजूक. थंड देशांत वेल वर्षांतून एकदां छाटतात. आपल्याकडे वेलीला थंडीची विश्रांति मिळत नाहीं, म्हणून दोनदां छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करावयाची, आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून घड घ्यावयाचे. घड हिंवाळ्यांत दिसतो, पण तो द्यावयाचा कीं नाहीं याचा निर्णय वेलीच्या डोळ्यांत उन्हाळ्यांतच, खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत होऊन गेलेला असतो. त्या वेळीं काडीला ऊन किती मिळालें, पाणी किती तोडलें, शेंडा केव्हां खुडला, यांवर पुढचें सारें अवलंबून.

आतां विचार करा. चाळीस वर्षें बाग करणाऱ्या बागाइतदाराला जन्मांत खरड छाटण्या मिळणार चाळीस. एका छाटणींत झालेली चूक सहा महिन्यांनंतर कळणार आणि ती सुधारण्याची संधि वर्षानें येणार. एकट्यानें अनुभव घेऊन शहाणें व्हावयाचें तर आयुष्य पुरत नाहीं. पण वीस बागाइतदार एकत्र बसले, प्रत्येकानें आपल्या बागेच्या दोन ओळींत निराळें कांहीं करून पाहिलें आणि टिपण ठेवलें, तर एका हंगामांत वीस हंगामांचा अनुभव पदरीं पडतो. परिवाराच्या रीतीचा लाभ तो हाच. बागाइतदार एकमेकांच्या मळ्यांत जाऊं लागले, डोळे सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूं लागले, काड्यांची जाडी आणि पानांची संख्या मोजूं लागले. पुढें याच तालुक्यांतील बोरगांवचे शेतकरी वसंतराव आर्वे यांनीं थॉमसनच्या वेलींतून निवड करून ‘तास-ए-गणेश’ हा वाण काढला आणि तो महाराष्ट्रभर पसरला. शेतकऱ्याच्या बारीक नजरेंतून वाण निघूं शकतो, याचें हें उत्तम उदाहरण होय.

दहा गुंठे आणि गच्ची

द्राक्ष हें पैशाचें पीक. त्याच्या यशानें परिवाराचें नांव झालें, पण दाभोळकरांचें लक्ष त्याहून लहान माणसाकडे होतें. पांच माणसांच्या कुटुंबाला सन्मानानें जगण्यास जमीन किती लागते, असा हिशेब त्यांनीं मांडला, आणि दहा गुंठे, म्हणजे पाव एकर, पुरते असें प्रतिपादन केलें. अट एवढीच कीं, त्या दहा गुंठ्यांत धान्य, डाळ, भाजी, फळ, इंधन आणि चारा यांची मांडणी उन्हाचा एकही कवडसा वायां जाणार नाहीं अशी करावी, आणि मातीची सुपीकता विकत न आणतां जाग्यावरच तयार करावी.

जमीन नसलेल्या शहरवासीयांस हाच विचार गच्चीवर लागू पडला. मुंबईंत डॉ. आर. टी. दोशी यांनीं दाभोळकरांच्या शिकवणींतून स्फूर्ति घेऊन गच्चीवरील शेतीचे प्रयोग केले. रसवंतीगृहांतून फेंकून दिलेलीं उसाचीं चिपाडें त्यांनीं पिशव्यांत व पिंपांत दाबून भरलीं, त्यावर कंपोस्टाचा आणि थोड्या मातीचा थर दिला आणि त्यांत भाज्या व फळझाडें लावलीं. जे पाहावयास येत त्यांना ते शिकवीत. पुढें 2002 च्या सुमारास तेव्हांच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या अधिकारी प्रीती पाटील यांनीं स्वयंपाकघरांतील कचऱ्यावर त्याच इमारतीच्या गच्चींत बाग उठविली. हजारों कामगारांच्या जेवणाचा जो ओला कचरा रोज उकिरड्यावर जात असे, त्याची जाग्यावरच माती होऊं लागली. त्यांतूनच ‘अर्बन लीव्ह्ज’ हें स्वयंसेवकांचें मंडळ उभें राहिलें. सुट्टीच्या दिवशीं नोकरदार स्त्री-पुरुषांनीं जमावें, हातानें काम करावें, शिकावें आणि आपल्या सोसायटींत जाऊन दुसऱ्यास शिकवावें, असा त्याचा क्रम.

दाभोळकरांचे दुसरे शिष्य दीपक सचदे यांनीं मध्य प्रदेशांत देवास जिल्ह्यांतील बजवाडा येथें, नर्मदेच्या कांठीं, दहा गुंठ्यांची कल्पना प्रत्यक्ष करून दाखविली आणि माती तयार करण्याची रीत पायरीपायरीनें बांधून दिली. गारगोटीच्या वर्गांतील गणित असें माळव्यांत पोंचलें. कोल्हापूर शहरांतही गार्डन्स क्लबसारखी संस्था पुष्पप्रदर्शनें भरवून बागेची आवड जोपाशीत आली आहे. तेथें शिक्षणाची जोड द्यावयास भूमि तयार आहे.

सुपीक माती करण्याची कृति

या परंपरेंत शिकविली जाणारी मुख्य कृति येथें थोडक्यांत देतों. कारण नुसत्या इतिहासानें वाचकाच्या हातीं कांहीं लागत नाहीं. तिला ‘अमृत माती’ म्हणतात.

प्रथम ‘अमृत जल’ करावें. दहा लिटर पाण्यांत एक किलो गाईचें ताजें शेण, एक लिटर गोमूत्र आणि 50 ग्रॅम काळा गूळ कालवावा. दिवसांतून तीन वेळां काठीनें दोन्ही बाजूंनीं ढवळावें. असें तीन दिवस केल्यावर चवथ्या दिवशीं त्यांत दसपट पाणी मिळवावें. शेणांत जीवाणू असतात आणि गूळ हें त्यांचें तयार अन्न. तीन दिवसांत त्यांची संख्या झपाट्यानें वाढते. गुळाच्या या जिल्ह्यांत विक्रीस न जाणारा काळा गूळ मिळण्याची अडचण नाहीं.

मग वाळलेला पालापाचोळा, गवत आणि उसाचें पाचट बारीक करून त्या पाण्यांत एक दिवस भिजवावें. भिजलेल्या पाल्याचा थर आणि त्यावर मूठ-मूठ माती, असे थर देत दहा फूट लांब, तीन फूट रुंद व एक फूट उंच ढीग रचावा, वर आच्छादन घालावें आणि ओल मोडूं देऊं नये. दर आठवड्यास ढीग वर-खालीं करावा. महिन्यानें पाला काळा व भुसभुशीत होतो. येथें बहुतेक लोक थांबतात. ही रीत थांबत नाहीं. त्या ढिगावर धान्य, कडधान्य, गळीत, मसाला व भाजी यांचें मिश्र बी पेरावें. 21 व्या दिवशीं उगवणीचा शेंडा कापून तेथेंच पसरावा. 42 व्या दिवशीं पुन्हां कापावा. 63 व्या दिवशीं बुडापासून कापून सारा पाला भिजवून ढिगांत मिळवावा. यामागचें कारण सरळ आहे. कोंवळ्या पानांत नत्र अधिक असून तीं लवकर कुजतात. जून काड्यांत तंतू अधिक असून त्यांचा टिकाऊ ह्यूमस होतो. तीन वयांचा पाला मिळाला म्हणजे मातीला आजचें अन्न आणि उद्यांचा सांठा दोन्ही मिळतात. शिवाय जिवंत मुळांभोंवतीं जीवाणूंची वस्ती वाढते. सुरुवातीपासून सुमारें पांच महिन्यांत माती तयार होते.

अन्न घेणारीं बारीक पांढरीं मुळें बहुतेक वरच्या नऊ इंचांत असतात. म्हणून भाजीपाल्यास एक फूट खोलीचा असा वाफा पुरतो, आणि त्यामुळेंच गच्चीवर बाग शक्य होते. मात्र गच्चीच्या बाबतींत दोन इशारे दिलेच पाहिजेत. भिजलेल्या साध्या मातीचें एक घनफूट सुमारें 50 किलो भरतें. म्हणून गच्चीवर नुसती माती भरूं नये, पाचट-पाल्याची हलकी माती घ्यावी, आणि वजनाच्या कुंड्या स्लॅबच्या मधोमध न ठेवतां तुळईच्या किंवा भिंतीच्या वर ठेवाव्या. जुन्या घरांत बांधकाम जाणणाऱ्यास विचारल्यावांचून कांहींच करूं नये. दुसरें, आपल्याकडील पावसांत पाणी साचतें; कुंडी विटांवर उचलून ठेवावी, तळाशीं भोकें ठेवावीं आणि गच्चीच्या नळ्यांचीं तोंडें पाल्यानें तुंबणार नाहींत हें पाहावें.

ऑगस्ट 2019 च्या महापुरांत पंचगंगेचें पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलें आणि वाहतूक अनेक दिवस बंद पडली. भाजीच्या गाड्या शहरांत येईनात. गच्चीवरच्या चार वाफ्यांनीं शहर जगत नाहीं हें खरें. पण ज्या घरांत मेथी-कोथिंबीर, मिरची आणि शेवग्याचा पाला हाताशीं होता, त्या घरांत तेवढा तरी आधार होता. 2021 सालीं पुन्हां पूर आला. नदीकांठच्या गांवांनीं ही गोष्ट नुसत्या हौसेची मानूं नये.

गुण आणि उणिवा

दोन्ही पद्धतींची तुलना केली तर असें दिसतें. अमेरिकेंतील पद्धतींत शिस्त आहे : ठरीव पाठ, परीक्षा, तासांची नोंद आणि विद्यापीठाची जबाबदारी. तिच्यांत स्वयंसेवक हा मुख्यतः दुसऱ्यानें शोधलेलें ज्ञान पोंचविणारा. आमच्या परिवारांत ज्ञान शोधणारा आणि पोंचविणारा एकच. त्यामुळें त्याच्या बोलण्याला अनुभवाचें वजन येतें आणि त्याला स्वतःविषयीं आत्मविश्वास वाटतो. खर्चही जवळजवळ कांहीं नाहीं.

पण उणिवा झांकून ठेवणें कोणाच्याही हिताचें नाहीं. ज्या कार्याला कचेरी नाहीं, दप्तर नाहीं, तें पुष्कळ अंशीं एका थोर माणसाच्या पत्रलेखनावर उभें असतें. तो माणूस गेला म्हणजे धागे सैल होतात. शिष्य आपापल्या जागीं उत्तम काम करतात. पण एकाचें टिपण दुसऱ्यापर्यंत पोंचावयाचें साधन राहत नाहीं. दुसरी उणीव याहून नाजूक आहे. प्रयोगाचा आग्रह धरणाऱ्या कार्यांतही कालांतरानें श्रद्धा शिरते. अमुक पाणी घातलें कीं सर्व रोग जातात, असें ऐकूं येऊं लागतें. शेजारीं तें पाणी न घातलेला वाफा ठेवला होता काय, असें विचारलें तर उत्तर मिळत नाहीं. तुलनेचा वाफा नसेल तर तो प्रयोग नव्हे. ती हकीगत झाली. दहा गुंठ्यांचा हिशेबही याच कसोटीला लावला पाहिजे. पाणी, मजुरी, बाजार आणि कुटुंबाच्या इतर गरजा यांची मांडणी ज्यानें त्यानें आपल्या ठिकाणीं करून पाहावी. गणिताच्या गुरूचा खरा मान त्याचें गणित पुन्हां मांडून पाहण्यांतच आहे.

संघानें काय करावें

आमचें मत असें कीं, परिवाराचा जिव्हाळा आणि परदेशी योजनेची शिस्त यांचा मेळ घालणें हें शेतकरी संघासारख्या संस्थेस सहज शक्य आहे. संघाजवळ जागा आहे, सभासद आहेत आणि हें मासिक आहे. पुढील योजना विचारार्थ मांडतों.

(1) प्रत्येक तालुक्यांतून बागकामाची आवड असलेले दहा-बारा स्त्री-पुरुष निवडावे. परसबाग बहुधा बायकांच्याच हातीं असते. म्हणून निम्म्या तरी स्त्रिया असाव्या.

(2) त्यांचा वर्ग पावसाळा संपतांना सुरू करून पुढील पावसाळ्यापर्यंत, दर पंधरवड्यास एक दिवस, चालवावा. माती, पाणी, बी, रोपवाटिका, कीड-रोग, फळझाडांची छाटणी व कलमें, आणि गच्चीवरील बाग असे विषय असावे. शिकविण्यास कृषि महाविद्यालयांतील अध्यापक आणि अनुभवी माळी या दोघांसही बोलवावें.

(3) शिक्षण घेणाऱ्यानें जितके तास शिक्षण घेतलें, निदान तितके तास वर्षाच्या आंत दुसऱ्यास शिकवावें. आठवड्याच्या बाजारीं झाडाखालीं एक टेबल मांडून बसलें तरी हें होईल. रोगट पान घेऊन येणाऱ्यास त्याच्या बाजारहाटांतच सल्ला मिळेल.

(4) स्वयंसेवकानें कोणत्याही कंपनीचा माल विकूं नये व त्यावर दलाली घेऊं नये. ज्या दिवशीं सल्ल्याला दर आला त्या दिवशीं हें कार्य संपलें असें समजावें.

(5) प्रत्येकानें वर्षांत एक तरी प्रयोग करावा आणि त्याच्या शेजारीं तुलनेचा वाफा ठेवावा. तारीख, पेर, पाणी, खत, उत्पन्न आणि फसलेल्या गोष्टी वहींत लिहाव्या. त्यांतील निवडक टिपणें या मासिकांत छापावीं, फसलेलींही छापावीं. दुसऱ्याचें नुकसान वांचविणारें टिपण यशाच्या जाहिरातीपेक्षां अधिक उपयोगाचें असतें.

(6) जें येत नाहीं तें येत नाहीं असें सांगून तो प्रश्न महाविद्यालयाकडे किंवा कृषि विज्ञान केंद्राकडे पाठवावा, आणि उत्तर आलें म्हणजे विचारणाऱ्यास अवश्य पोंचवावें.

या योजनेस मोठें भांडवल लागत नाहीं. लागतो तो वेळ, आणि आपल्याला आलेली विद्या आपल्यापाशीं न ठेवण्याचा मोठेपणा. आपल्या गांवगाड्यांत बी मागितलें तर नाहीं म्हणूं नये अशी रीत होती. शेजारणीच्या परड्यांतील दोडक्याचें बी साऱ्या आळींत पसरत असे आणि तिच्या घरचें कांहीं कमी होत नसे. विद्येचेंही तसेंच आहे. ज्याच्या वाट्याला दहाच गुंठे आले आहेत त्याला आपण जमीन वाढवून देऊं शकत नाहीं. पण त्या दहा गुंठ्यांत काय काय पिकूं शकतें, हें त्याच्या बांधावर बसून त्याच्याबरोबर मोजूं शकतों. येत्या पावसाळ्याच्या अखेरीस निदान एका तालुक्यांत हा वर्ग सुरू व्हावा, आणि ज्या सभासदांस त्यांत भाग घ्यावयाचा असेल त्यांनीं आपली इच्छा संघास कळवावी, अशी आमची सर्वांस आग्रहाची विनंति आहे.